तांबड्या तारेचा चिमटा

औशात पिक्चर लागायचा शुक्रवारी
आणि गुरुवारी सकाळपासून खाजामियाँची रिक्षा.
टपावर कर्णा, मागच्या फळीला पोस्टर:
कंदील, एक हात, केसांनी झाकलेलं तोंड.
पायाशी बॅटरी, बॅटरीपाशी मी.
माझं काम दोनच. गुलाबी कागद उधळायचे
आणि त्यांनी मांडीवर चापट मारली की
तांबड्या तारेचा चिमटा काढायचा.

"मायबाप हो, उद्यापासून रोज चार खेळ.
काळजाचा आजार असणाऱ्यांनी येऊ नये.
गरोदर बायांनी येऊ नये.
जो एकटा येईल, त्यानं घरी जाताना मागं—"

चापट.

मोंढ्यापासून थेट किल्ल्याच्या खंदकापर्यंत
रिक्षा नुसती फटफटत जायची.

कर्णा ओरडत होता तोवर ज्यांनी मान वर केली नव्हती
ती माणसं आता उंबऱ्यावर.
डाळमिलचे हमाल पाठीवरच्या पोत्यासकट वळायचे.
शिंप्याचं मशीन थांबायचं.
"मागं काय? ओ चाचा, मागं काय?"
पोरं धावायची धुरातून,
खाजामियाँ समोरच बघत राहायचे, बहिऱ्यासारखे.
मला हसू आवरायचं नाही,
आणि रात्री मोरीकडं जाताना
मीही मान वळवायचो नाही.

एकदा विचारलंच मी.
पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.
"मेरेको क्या मालूम? मी कुठं पिक्चर बघतो.
ज्याच्या घरी जे आसंल ते."

पिक्चर तसा भिकारच निघायचा.
भुताच्या मनगटावर घड्याळ,
पब्लिकच्या शिट्ट्या, शेंगांची टरफलं.
पण घाबरायचं ते लोक गुरुवारीच घाबरून घ्यायचे,
शुक्रवारी फक्त तिकीट फाडायचं.

मग ती अनंत चतुर्दशी.
गणपती बुडवून गाव उशिरा निजलं होतं.
पहाटेचं मी सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.
आमच्याकडच्या भिंती बऱ्याचशा उभ्या होत्या
पण त्यांच्या आत जायला कुणी धजेना.
शाळेचं मैदान, सतरंज्या, म्हशी, लाईट नाही,
आणि कुणीच काही बोलत नव्हतं.
तेवढ्यात कर्णा.

फळीला तेच पोस्टर, काढायला सवड कुठली.
"घरात जाऊ नका. तहसीलपाशी पाण्याचं टँकर हाय.
हिरव्या परकरातली पोरगी, नाव सांगंना,
दवाखान्यात हाय, सुखरूप हाय.
घरात जाऊ नका. टँकर तहसीलपाशी."

मी धावत जाऊन सवयीनं बॅटरीपाशी बसलो.
त्यांनी माझा हात धरला
आणि चिमट्यापासून लांब ठेवला.

दिवसभर. मग रात्रभर.
आवाज फाटून नुसतं वारं यायला लागलं तेव्हा
माईक माझ्या तोंडापुढं धरला. बोल.
काय बोलू?
"कायबी. पाढे म्हण. पर रुकना नक्को."
मी एकोणिसाचा पाढा धरला,
पाचावर अडलो,
आणि अंधारातून कुणाची तरी आई ओरडली,
"पंच्याण्णव रे गाढवा! पुढं म्हण!"

आता मी लातूरला, झेरॉक्सच्या दुकानावर,
दोन मिनिटं अकरा सेकंदांचे ट्रेलर कापतो.
रिकाम्या पाळण्याची करकर. लेकराचं हसू.
पांढऱ्या अक्षरात एक तारीख. दाराची कडी.
मग काळं.
निर्मात्याचे वाळूचे ट्रक आहेत, त्याला कळतं सगळं.
खुर्चीच्या पाठीवर हात टाकून म्हणतो,
"सर, या काळ्यात अजून थोडं थांबा की.
पब्लिक फाटली पाहिजे."

बरोबर आहे त्याचं.
मी एक सेकंद ठेवतो. दोन.
बोट तसंच टेकलेलं.
तिसऱ्याला कुठून तरी खालून
एक पोरगं पाढा म्हणायला लागतं
आणि मी दार आपटतो.